तिकडं जायचा महिना

दुकान मागायला गेले तेव्हा मालकांनी माझं शिक्षण विचारलं नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "बाय, तुला सावली मोजता येते का?"

मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. शहापूरच्या एसटी स्टँडजवळचा तो गाळा. विमानाची तिकिटं काढणं, पासपोर्टचे फॉर्म भरणं, असा धंदा मला तिथं करायचा होता. सावलीचा काय संबंध? पण ते मला भर दुपारी रस्त्यावर घेऊन गेले, उन्हात उभं केलं आणि म्हणाले, "आता तुझ्या पावलाने तुझी सावली मोज." चैत्राचे दिवस होते. टाचेला अंगठा लावून मोजली, तर सव्वा पाऊल भरली. येणारे-जाणारे हसत होते.

"दीडच्या आत आली की तिकडचं तिकीट कुनाला काढून देऊ नको," मालक म्हणाले. "गणपतीनंतर ती परत लांबते. मंग खुशाल दे. बाकी दुकान तुझं, मी मधी पडनार नाय."

तिकडं म्हणजे ओमानला. पण हे नाव त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. एकोणीस वर्षं त्यांनी तिकडच्या वाळवंटात पाण्याचा टँकर चालवला होता. परत येऊन हा गाळा घेतला, राहायला मात्र शेणवे गावातल्या घरीच. रोज सकाळच्या एसटीने यायचे, दुकानामागच्या खोलीत बसायचे, संध्याकाळी परत. बायको आधीच गेलेली, मुलगा बदलापूरला. मालक गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मी दुकान घेतल्यापासूनच्या आठ वर्षांत ते एकही दिवस मधे पडल्याशिवाय राहिले नाहीत.

उंच, वाळलेला माणूस. दुकानात अंधार असला, बाहेर धो धो पाऊस असला, तरी त्यांचे डोळे बारीक केलेले असायचे, समोरून कुणी आरसा धरल्यासारखे. रस्त्याने नेहमी सावलीच्या बाजूने चालायचे. त्यात नवल काही नाही. पण आषाढात, आठ आठ दिवस सूर्य दिसत नसतानाही, ऊन असतं तर जिथं सावली पडली असती त्या बाजूने चालायचे आणि वेळेप्रमाणे बाजू बदलायचे. दुकानात कुणी ग्लासात घोटभर पाणी ठेवून उठला, की त्याला परत खाली बसवायचे. "संपव." एकदा पंचायतीचे एक मोठे मेंबर आले होते, त्यांनाही सोडलं नाही.

गिऱ्हाईक आलं आणि त्याने तिकडचं नाव काढलं, की मागच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मी समजून जायची.

इंटरनेटवर जा, कुठल्याही पर्यटन कंपनीला विचारा, सगळे सांगतात की नोव्हेंबर ते मार्च. मालकही तेच सांगायचे, पण त्यांची सांगायची तऱ्हा वेगळी. त्यांच्या लेखी तिकडं तीनच ऋतू होते. दिवाळीपासून माघापर्यंत वाळू निजलेली असते. फाल्गुन-चैत्रात ती कूस बदलते. आणि वैशाखापासून ती जागी असते. "जागी म्हंजे?" असं कुणी विचारलं, तर ते म्हणायचे, "जागी म्हंजे तुझ्याकडं बघते." हे इतक्या साध्या आवाजात सांगायचे, की ऐकणारा हसायला सुरुवात करायचा आणि मधेच थांबायचा.

एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. त्यांना जूनमध्ये जायचं होतं. त्या दिवसांत हॉटेलं रिकामी असतात, गर्दी नसते, मुलाने सगळं पाहून ठेवलेलं. मालकांनी पोरीला विचारलं, "रात्री तहान लागून जाग येते का गो तुला?" ती म्हणाली, "कधी कधी." मालक मुलाकडं वळले. "ऐकलंस? तिला न्यायची असेल तर मार्गशीर्षात ने. तवा तिथं लोक गोधडी घेऊन वाळूत बसतात, चांदण्या मोजतात. समुद्रावर जा, किल्ले बघ, खजूर खा. सगळं चांगलं हाय तिकडं. देश वाईट नाय. महिना वाईट हाय." मुलगा चिडून निघून गेला. पण डिसेंबरात दोघं परत दुकानात आले, तिकडं जाऊन आले, आणि मालकांना खजुराचा मोठा डबा देऊन गेले. मालकांनी त्यातला एकही खजूर खाल्ला नाही. सगळे स्टँडवर वाटून टाकले.

असे किस्से मी घरी हसत सांगायची. एका माणसाचा किस्सा मात्र मी कधी कुणाला सांगितला नाही.

आसनगावला राहणारा, कुठल्या कारखान्यात सुपरवायझर. मालकांचं न ऐकता तो दुसरीकडून तिकीट काढून जुलैमध्ये जाऊन आला. मुद्दाम दुकानात आला, मालकांना चिडवायला. "बघा, धडधाकट आलो. एसी गाडी, एसी हॉटेल. काय झालं मला?" मालक हसले. मग तो म्हणाला, "एकच गोष्ट चुटपुट लावून गेली. दुपारची वेळ, आमची बस हायवेने चाललेली, नि रस्त्याच्या कडेला एक माणूस हात करत होता. त्या उन्हात. आसपास घर नाय, झाड नाय. मी ओरडलो, पण ड्रायव्हरनं बस थांबवली नाय. वर रेडिओचा आवाज वाढवला."

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. त्यांनी विचारलं, "कुठला हात?"

"काय?"

"कुठल्या हातानं हात करत होता?"

त्या माणसाने जरा आठवलं. स्वतःचा एकेक हात वर करून पाहिला. "डाव्या."

मालक उठले, बाहेर गेले आणि त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. आम्ही दोघं आत. सकाळचे अकरा वाजले होते. बराच वेळ ते बाहेर उभे होते, शटरखालच्या फटीत त्यांची पावलं दिसत होती. मग शटर वर करून ते आत आले आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "चहा सांग गो तीन."

पुढच्या वैशाखात मी ते पाहिलं. पाहिलं म्हणणं बरोबर नाही. काय ते तुम्हीच ठरवा.

उन्हाळ्यात बारा ते तीन मालक मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. आराम करत असतील, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन माझ्या मोबाइलवर आला, तातडीचा, म्हणून मी दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं. मालक माझ्याकडं पाठ करून बसले होते. समोर परसदाराचा दरवाजा सताड उघडा. बाहेर पांढरंफटक ऊन. हातात पाण्याने भरलेला तांब्या, तो त्यांनी दाराच्या दिशेने पुढं धरलेला. आणि ते बोलत होते. समजावल्यासारखं. "अजून नाय. अजून नाय झाला टाइम. बस जरा." मग गप्प. मग परत, कुणी काही विचारल्यासारखं, "नको इचारू रे. ते नको इचारू."

मी हाक मारणार, तेवढ्यात मला एक गोष्ट जाणवली. आमच्याकडचा उन्हाळा ओला असतो. पंख्याखाली बसलं तरी ब्लाउज पाठीला चिकटतो. मी दुकानातून घामाने भिजून आत आले होते, आणि त्या दारात उभी असताना माझा घाम सुकला. पुसला नाही, वारा आला नाही, नुसता सुकला. ओठ ताणले गेले. जीभ फिरवली तर ओठावर चिरा लागल्या. भट्टीचं तोंड उघडावं तशी कोरडी धग परसदारातून आत येत होती, आणि परसात तर आमचंच आंब्याचं झाड होतं, धुण्याचा दगड होता, त्यावर ओलं फडकं होतं.

मी फोन बंद केला आणि मागच्या मागे दुकानात आले. बसले. पाचेक मिनिटांत मला परत घाम फुटला, आणि त्या घामाचं मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. मालकांना मी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून वैशाखात मी माझं जेवण बारापूर्वी उरकून घेऊ लागले आणि त्या दाराकडं पाठ करून बसायचं सोडलं.

वनिता आली ती फेब्रुवारीत. मुरबाडच्या एका शाळेत शिकवते, पस्तिशीची, बोलायला नेमकी. तिला आणि नवऱ्याला ओमानला जायचं होतं, मेच्या सुट्टीत.

खुर्ची सरकली. मालक बाहेर आले आणि नेहमीचं सांगू लागले. मेमध्ये नको, दिवाळीच्या सुट्टीत जा, वाळू निजलेली असते. वनिताने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मी फिरायला नाय चालले. माझे वडील तिकडं कामाला गेले होते. मी चार वर्षांची होते. गेले ते जूनमध्ये बेपत्ता झाले. रस्त्यात गाडी बंद पडली, हे चालत गेले, नि सापडले नाय, एवढंच आम्हाला कळवलं. मला ती जागा बघायची आहे. तशाच उन्हात बघायची आहे, म्हणजे त्यांना काय झालं असेल ते कळेल."

"गाव कुठलं तुमचं?" मालकांनी विचारलं.

"वैशाखरे. माळशेजच्या रस्त्याला."

"वडलांचं नाव?"

"काळुराम."

मालक मागच्या खोलीत गेले. दार लागलं. वनिता माझ्याकडं पाहत राहिली. मी म्हटलं, त्यांचं वय झालंय, मनावर घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर पेन्सिलीने रस्ता काढलेला होता. मस्कतहून दक्षिणेला जाणारा हमरस्ता, एक पेट्रोल पंप, आणि त्यापुढं डावीकडून येऊन मिळणारी एक कच्ची वाट. जिथं ती मिळते तिथं फुली. "ही तिला दे. पन दिवाळीतच जायचं, असं सांग. मेमधी गेली तर मी तुला दुकानातून काढीन."

"हे तुम्हाला कसं माहीत, मालक?"

"एकोनीस वर्षं गाडी चालवली मी," ते म्हणाले. पण माझ्याकडं पाहिलं नाही.

वनिताने ऐकलं. दिवाळीत नवऱ्याबरोबर जाऊन आली, आणि आल्यावर दोन दिवसांत एकटीच दुकानात आली. मालक माझ्या समोरच बसले होते. ती उभ्या उभ्याच बोलू लागली.

त्यांना गाडी मिळाली होती ती केरळच्या एका ड्रायव्हरची. पंचवीस वर्षं तिथंच असलेला, हिंदी चांगली बोलणारा. कागदावरची फुली पाहून तो म्हणाला होता, अभी ठीक है, ठंडी का मौसम है. जागेवर काहीच नव्हतं. सपाट माळ, खडे, लांब कुठंतरी उंट. सुरेख हवा. वनिताने तिथं फुलं ठेवली, थोडी रडली. मग तिने ड्रायव्हरला विचारलं, उन्हाळ्यात इथं कसं असतं?

"तो बोलला, गर्मी में इधर कोई गाडी नहीं रोकता, मॅडम. एक आदमी हाथ दिखाता है. उलटा हाथ. रुको तो नजदीक आके कुछ पूछता है. मी विचारलं, काय विचारतो? तो बोलला, पता नहीं कौनसी भाषा है. पण जुन्या ड्रायव्हर लोकांनी ऐकलंय." वनिता मालकांकडं वळली. "काका, त्या माणसाला मराठीचा एक शब्द येत नाय. त्याने मला जसं ऐकलं तसं बोलून दाखवलं. 'किती वाजला, किती वाजला.'"

 बाहेर एसटीचा कंडक्टर किन्हवली, किन्हवली असं ओरडत होता.

"माझे बाबा डावखुरे होते," वनिता म्हणाली. "आई सांगते."

मालकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. मी आठ वर्षं त्यांना ऐकत होते, पण हा आवाज त्यांचा नव्हता. कुणाची तरी जबानी ते वाचून दाखवत होते.

"तुझा बा माझ्या गाडीवर होता, पोरी. मीच नेला त्याला. रजेवर आलो होतो, म्हसाच्या जत्रेत भेटला. बोलला, मला पन तिकडं ने. मी हा बोललो. त्याने इचारलं, कवा येऊ? कुठला महिना बरा? मी हसलो. बोललो, कवापन ये, ऊन ते ऊन. तो पन हसला. बोलला, माझ्या गावाच्या नावातच वैशाख हाय, मला काय उन्हाचं? नि आला जूनमधी."

"पुढं?"

"आठवा दिवस त्याचा. कामगारांच्या कॅम्पला पानी देऊन रिकामा टँकर घेऊन येत होतो, कच्च्या वाटेने. गाडी तापून बंद पडली. पिन्याच्या पान्याचा कॅन होता, तो मी येड्यासारखा रेडिएटरात ओतला. गाडी चालू नाय झाली. राहिली एक बाटली. आमी दोघं. तिकडं नियम हाय, गाडी सोडायची नाय. टँकरखाली सावलीत पडून राहायचं, चार वाजले की मंग चालायचं. धूळ एवढी होती, का सूर्य कुठं हाय दिसत नव्हता. त्याच्याकडं घड्याळ नव्हतं. पयल्या पगारात घेनार होता. माझ्याकडं होतं. त्याने इचारलं, किती वाजलं?"

 वनिता खुर्चीत बसली.

"दोनला धा कमी होते. मी बोललो, साडेचार. ऊन उतरलं, काळू. हमरस्ता लांब नाय, दीड-दोन तासांत पोचशील, कुनाला तरी हात करून घेऊन ये."

"का?" वनिताने विचारलं.

"बाटली एक होती," मालक म्हणाले. "मला भ्याव वाटलं. नि तो बाटली मलाच देऊन गेला. बोलला, मी तर पोचतोच आता, तुला लागंल."

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच राहिलेलं सांगून टाकलं. कॅम्पची दुसरी गाडी मागून आली ती बरोबर साडेचारला. तीन दिवस शोधलं. मालकांनी सगळ्यांना सांगितलं, तो ऐकेना, आपल्या मनाने गेला.

आठ वर्षं मी या माणसाबरोबर चहा प्यायले होते. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी लोकांना रंगवून सांगितल्या होत्या. मला त्यांच्याकडं पाहवेना. मी वनिताकडं पाहिलं. ती रडेल, ओरडेल, पोलिसांचं नाव काढेल, असं मला वाटलं. ती टेबलावरच्या काचेकडं पाहत होती. मग म्हणाली, "तुमी माझी माफी मागू नका, मी देनार नाय. मेमध्ये माझ्याबरोबर चला. नि त्यांना खरा टाइम सांगा."

मालक म्हणाले, "हा."

माझ्या हातून निघालेलं सर्वांत वाईट तिकीट ते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि वैशाखातली दुपार. मी त्यांच्या मुलाला फोन करते म्हणाले, तर म्हणाले, "कर. पन जानार तर मी हायच." मग त्यांनीच बसून यादी केली. ज्या महिन्यात कुणी जाऊ नये म्हणून त्यांनी अर्धं शहापूर अडवलं होतं, त्या महिन्यात कसं जावं याची यादी. गाड्या दोन, एक बंद पडली तर दुसरी. माणशी दहा लिटर पाणी. ओले पंचे, मीठ-साखर, छत्री. रस्ता सोडायचा नाही. उभं राहायचं ते फक्त अर्धा तास. मी ती यादी टाइप केली, दोन प्रती काढल्या.

वनिताने आईला सांगितलं की शाळेचं ट्रेनिंग आहे पुण्याला. नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. पुढचं मला तिने सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत ठेवते.

"गुरुवार होता. तोच ड्रायव्हर मिळाला. तो नाय नाय म्हणत होता, काकांनी त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं काय माहीत, तयार झाला. मागची गाडी थोड्या अंतरावर थांबवली. ताई, धूळ अशी होती की सूर्य नव्हताच. सगळीकडं नुसता पांढरा उजेड, सावली कुणालाच नाय. मी खाली उतरले तर श्वास आत जाईना. काका उतरले, छत्री घेतली नाय. त्या कच्च्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, डोळे बारीक करून. मी घड्याळ बघत होते. दोनला बारा कमी. अकरा कमी. काहीच होत नव्हतं. मला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाला मारायला आणलंय. मग काकांनी मान अशी वळवली, बाजूला कुणी येऊन उभं राहिल्यावर वळवतो तशी. नि बोलले, 'दोनला धा कमी हायेत, काळू. तवा पन धाच कमी होते. मी खोटा बोललो. ऊन डोक्यावर हाय, जाऊ नको. चल. गाडीत सावली हाय.'"

"तू काय पाहिलंस?" मी विचारलं.

"काहीच नाय. खरं सांगते, ताई. खोटं कशाला सांगू? वारा पडला एवढं कळलं. काकांनी बाटली उघडून हातात धरली होती, ती त्यांनी कधी बंद केली ते मी पाहिलं नाय. ते परत आले, मागचं दार उघडून जरा थांबले, मग बसले. मी पुढं बसले. ड्रायव्हर आरशात बघत होता. त्याने विचारलं, 'सब बैठ गये?' आम्ही दोघंच होतो. मी काय बोलणार? काका बोलले, 'हां भाई, बैठ गये.' मग त्याने गाडी काढली, नि मस्कत येईपर्यंत रेडिओ लावला नाय."

आल्यावर मालकांना ताप भरला. मुलगा येऊन राहिला. चौथ्या दिवशी ताप उतरला तसे ते मला म्हणाले, "वैशाखऱ्याला जायचं हाय. तिच्या आईला सांगायचं राहिलंय. तू चल बरोबर. एकट्याने मला जमनार नाय." मी गेले. रागावलेली होते, तरी गेले. मुरबाडहून वनिता गाडीत बसली.  टोकावड्याच्या पुढं डोंगर जवळ आले, तेव्हा मालक म्हणाले, "काय सांगू गो तिला आधी?" वनिता म्हणाली, "जसं झालं तसं."

घर रस्त्यापासून आत होतं. कौलारू, पुढं ओटी, शेणाने नुकतीच सारवलेली. वनिताची आई दारातच उभी होती. साठीच्या आतबाहेरची, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. आम्ही येणार हे तिला कळवलेलं नव्हतं, तरी तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. मालक अंगणात उन्हातच थांबले आणि त्यांनी हात जोडले. "वैनी, मी काळूबरोबर होतो. मला तुमाला काय तरी..."

"ऊन काय म्हनतंय, दादा. आदी वर या," ती म्हणाली. "सांगा मंग सावकाश."

ती आत गेली आणि पाण्याऐवजी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यातून रेशन कार्ड काढून वनिताच्या हातात दिलं. तीस वर्षं ते कार्ड जितक्या वेळा बदललं, तितक्या वेळा तिने तहसील कचेरीत बसून नवऱ्याचं नाव पहिलं लिहून घेतलं होतं. कारकून सांगायचे, बेपत्ता माणूस, सात वर्षं झाली, आता कमी करा. ती उठायचीच नाही. हे वनिताने मला नंतर सांगितलं.

"उद्या मुरबाडला जाशील तवा बाबाचं नाव कमी करून आन," ती लेकीला म्हणाली.

"का गं आये? आत्ताच का?"

"आला ना तो. गुरवारी. साडेतीन वाजले असतील." ती ओटीच्या मधल्या जागेकडं पाहत, जरा आवाज खाली आणून बोलत होती, घरात कुणी झोपलं असलं म्हणजे बोलतो तशी. "तांब्याभर पानी प्याला नि तिथंच निजला. लई दमलेला. मी काय उठवला नाय."

मालकांनी चपला काढल्या. ओटीवर चढले आणि भिंतीला धरून, कडेकडेने, मधली जागा सोडून खाली बसले.